परमवीरचक्राची सावित्री

परमवीरचक्र म्हटलं की डोळ्यांसमोर येतात सीमेवर लढणारे जवान. पण मैत्रिणींनो, हे पदक कागदावर उतरलं ते एका गृहिणीच्या हातून. वडील हंगेरियन, आई रशियन, जन्म स्वित्झर्लंडचा आणि सासर मराठी! त्या सावित्रीबाई खानोलकर.

त्यांचं माहेरचं नाव ईव्ह इव्होन. जन्म २० जुलै १९१३ चा. आई लहानपणीच गेली. वडील समाजशास्त्राचे प्राध्यापक, त्यामुळे पुस्तकांची गोडी घरातूनच लागली. १९२९ मध्ये विक्रम खानोलकर हा मराठी तरुण तिला भेटला. इंग्लंडमध्ये सँडहर्स्टला तो लष्करी शिक्षण घेत होता, सुटीत युरोप बघायला आला होता. वडिलांचा विरोध होता, पण लेक मागे हटली नाही. १९३२ मध्ये लखनौला लग्न झालं आणि ईव्हची सावित्री झाली.

लग्नात नाव काय, एका दिवसात बदलतं. सावित्रीबाईंनी मात्र मराठी, हिंदी, संस्कृत शिकून घेतलं. पुराणं, उपनिषदं वाचली. हा अभ्यास पुढे देशाच्या कामी आला.

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिशांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या जागी आपलं पदक हवं होतं. ती जबाबदारी मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे होती. त्यांनी हे काम सावित्रीबाईंवर सोपवलं. वृत्रासुराला मारण्यासाठी दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या, त्यातून इंद्राचं वज्र घडलं, ही गोष्ट आपण आजीकडून ऐकलेली. सावित्रीबाईंनी तेच वज्र निवडलं. मध्ये राजमुद्रा, भोवती चार वज्रं. सोनं नाही, चांदी नाही. साडेतीन सेंटिमीटरची कांस्याची चकती आणि जांभळी फीत. २६ जानेवारी १९५० ला हे पदक जाहीर झालं. महावीरचक्र, वीरचक्र, अशोकचक्र हीदेखील त्यांचीच कल्पना.

पहिलं परमवीरचक्र मिळालं मेजर सोमनाथ शर्मांना, मरणोत्तर. नोव्हेंबर १९४७ मध्ये काश्मीरमधल्या बडगामला, हात प्लॅस्टरमध्ये असताना लढत ते शहीद झाले, वय अवघं २४. हे सावित्रीबाईंच्या थोरल्या लेकीचे, कुमुदिनीचे दीर! ज्या त्यागासाठी त्यांनी वज्र कोरायला दिलं, तो त्यांच्याच नात्यात घडला होता.

१९५२ मध्ये पती गेले. चाळिशीही न गाठलेल्या सावित्रीबाईंनी रामकृष्ण मठाचा आधार घेतला. शहीद जवानांच्या कुटुंबांसाठी, फाळणीतल्या निर्वासितांसाठी काम केलं. महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. २६ नोव्हेंबर १९९० ला त्यांचं निधन झालं.

आजवर २१ वीरांना परमवीरचक्र मिळालं, त्यातल्या १४ जणांना मरणोत्तर. येत्या २६ जानेवारीला टीव्हीवर संचलन बघताना परमवीरांच्या छातीवरची ती जांभळी फीत मुलांना नक्की दाखवा, आणि दधीचींच्या गोष्टीबरोबर सावित्रीबाईंचीही सांगा.