अण्णांचा आवाज संगणकात उतरवताना

लोखंडी कपाटाच्या खणात आमच्या अण्णांची एक सीडी होती. २००४ च्या जयंतीला वस्तीत अण्णा गायले, तेव्हा लाऊडस्पीकरवाल्याने ती करून दिली होती. अण्णा आज नाहीत. आवाज तेवढा त्या चकतीत उरला आहे. घरी लिहिलेल्या सीडीचा रंगथर उन्हाने, काळाने उडतो, म्हणून ती संगणकात घ्यायचे ठरले.

पहिल्यांदा आम्ही फसलो. सीडीवर दिसल्या त्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या, तर त्या वाजेचनात! ‘सीडीए’ नावाची ती फाईल अवघी ४४ बाइटची असते. तिच्यात गाणे नसते, ते चकतीवर कुठे आहे याचा पत्ता असतो. गाणे उतरवायला वेगळे सॉफ्टवेअर लागते.

ते निवडावे कसे? झटपट काम उरकणारे नको, चूक न लपवणारे हवे. विंडोजमधला मीडिया प्लेअर धडधाकट सीडीला चालतो, पण कोठे बिघडले याचा हिशेब देत नाही. ‘एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ घरगुती वापरास मोफत आहे. सुरक्षित पद्धतीत ते प्रत्येक भाग निदान दोनदा वाचते. जुळले नाही तर ८२ वेळांपर्यंत वाचते. शेवटी संशयाच्या जागा वेळेसकट दाखवते. विकतच्या सीडीची प्रत ‘अ‍ॅक्युरेटरिप’ या सोयीने इतरांच्या प्रतींशी ताडून पाहता येते. घरच्या सीडीला तो ताळा नाही. ती दोनदा वाचून आकडे जुळतात का ते पाहावे. लिनक्सवर ‘सीडीपॅरानोया’ आणि मॅकवर ‘एक्सएलडी’ हेही मोफत आहेत.

मूळ प्रत ‘फ्लॅक’मध्ये ठेवावी. एका तासाच्या सीडीचा आवाज सुमारे ६३५ एमबी भरतो. फ्लॅकमध्ये तो जसाच्या तसा राहून बहुधा निम्म्या-पाऊण जागेत मावतो. एमपी३ फारच लहान होते, पण त्यात गाळलेला आवाज परत मिळत नाही. म्हणून एमपी३ मोबाईलपुरते.

अण्णांच्या तिसऱ्या गाण्यात दोन जागा संशयाच्या निघाल्या. मऊ फडक्याने मधून कडेकडे सीडी पुसली, एक जागा सुधारली. दुसऱ्या जागी ‘टक्’ असा आवाज राहिला, तो राहू दिला. गाण्यांची नावे सीडीवर नव्हतीच. आई शेजारी बसून ऐकत एकेक नाव सांगत गेली, मुलीने ती मराठीत टाइप केली.

वाचकहो, तुमच्याही कपाटात अशी एखादी सीडी असेल. नव्या लॅपटॉपला बहुधा सीडीची खाच नसते. कोणाकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणा. नावे सांगणारी माणसे घरात आहेत तोवर हे काम उरका.