मोबाइलमधला फोटो कागदावर उतरवताना

फोटो काढणे हा एके काळी घरातला एक समारंभच असे. तालुक्याहून फोटोग्राफर यायचा, आजोबा कोट-टोपी चढवून खुर्चीवर बसायचे, आणि मग तो एक फोटो पन्नास वर्षे भिंतीवर राहायचा. आता फोटो हजारांनी निघतात. पण ते राहतात कुठे, तर मोबाइलच्या पोटात. मोबाइल विहिरीत पडला, बिघडला, चोरीला गेला की सगळा संसार त्याच्याबरोबर गेला. आणि घरातले एखादे वडीलधारे माणूस गेले, म्हणजे मग फोटोची शोधाशोध सुरू होते. दहाव्याला, तेराव्याला फोटो हवा असतो. कुणाच्या तरी मोबाइलमधून एक फोटो मिळतो, शाळेतल्या किंवा शेजारच्या प्रिंटरवर तो घाईघाईने छापला जातो, आणि हाती येतो तो काळपट, पुसट चेहरा. मग आपण यंत्राला बोल लावतो.

यंत्राचा दोष क्वचितच असतो, बरे का. फोटो चांगला येणार की वाईट, हे बटण दाबण्याच्या आधीच पुष्कळसे ठरलेले असते. ते कसे, हेच आज पाहू.

पहिली गोष्ट मूळ फोटोची. मोबाइलवरचा फोटो म्हणजे रंगाच्या बारीक बारीक चौकोनी बिंदूंची रांगोळी. बिंदू जितके जास्त तितकी रांगोळी भरलेली. चार इंच बाय सहा इंचांचा नेहमीचा फोटो उत्तम यायचा तर दर इंचाला सुमारे ३०० बिंदू हवेत. म्हणजे १२०० गुणिले १८००, साडेएकवीस लाखांच्या वर बिंदू झाले. हल्लीचा साधा मोबाइलसुद्धा याच्या कितीतरी पट बिंदू टिपतो. तेव्हा काळजीचे कारण नाही, असे तुम्ही म्हणाल. पण थांबा. तो फोटो तुमच्याकडे आला कसा?

व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेत आकसतो. मोठी बाजू साधारण १६०० बिंदूंवर येते आणि लहान बाजू १२०० वर. चार बाय सहाला तेवढे चालून जाते. पण तोच फोटो आठ बाय दहाच्या चौकटीसाठी छापला, तर इंचाला दीडशेच बिंदू उरतात. भिंतीवर लावून सहा-सात फुटांवरून पाहिला तर तोही एक वेळ खपेल. खरी अडचण येते ती समूहातल्या फोटोतून एकच चेहरा काढायचा असतो तेव्हा. समजा, लग्नातल्या वीस जणांच्या फोटोत आजी उभी आहे आणि तिचा चेहरा जेमतेम १०० बिंदू रुंद आहे. तो चौकटीत चार इंच रुंद करायचा म्हटला, तर इंचाला २५ बिंदू आले. पसाभर बियाणे बिघाभर रानात पेरण्यासारखेच ते!

म्हणून पहिले काम हे की, ज्याने फोटो काढला त्याच्याकडूनच मूळ फोटो मागवा. त्याला सांगा, ‘फोटो म्हणून पाठवू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव.’ तसा पाठवला की तो जसाच्या तसा येतो. २०२३ सालापासून व्हॉट्सॲपवर एच.डी. अशी खूण करूनही फोटो पाठवता येतो. तो नेहमीच्यापेक्षा बरा, पण मूळ नव्हे. आणि मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या फोटोचा फोटो, म्हणजे ज्याला स्क्रीनशॉट म्हणतात तो, कामाला घेऊच नये.

आता पुसट चेहरा स्पष्ट करून देणारी नवी साधने निघाली आहेत. त्यांच्याविषयी माझे मत जरा कडक आहे. फोटोत जे बिंदू नाहीतच, ते हे साधन कल्पनेने भरते. डोळे पाणीदार होतात, भुवया कोरीव होतात, सुरकुत्या जातात. चेहरा सुरेख दिसतो, पण ती आपली आजी राहत नाही. त्यापेक्षा लहान पण खरा फोटो लावावा.

दुसरी गोष्ट उजेडाची. मोबाइलचा पडदा स्वतःच्या प्रकाशाने उजळतो. दिवाच आहे तो. कागदाला मात्र स्वतःचा प्रकाश नसतो. खोलीतला उजेड त्याच्यावर पडतो आणि तेवढाच तो परत देतो. त्यातून पडद्यावरचे रंग तांबड्या, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे, तर प्रिंटरमधले निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईचे. (शाईचे रंग एकावर एक चढवून चित्र साधण्याची युक्ती तशी जुनी आहे. १८९४ साली मुंबईत निघालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्यात देवादिकांच्या तसबिरींसाठी एकेका रंगाचा वेगळा दगड लागे.) प्रकाशाचे रंग मिसळले की उजळत जातात, शाईचे मिसळले की गडद होत जातात. म्हणून पडद्यावर झकास दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो. सावळ्या चेहऱ्याच्या, टोपीच्या किंवा पदराच्या सावलीत आलेल्या माणसावर तर यात अन्यायच होतो. डोळे कुठे आहेत तेही कळत नाही.

उपाय सोपा आहे. दिवसा खिडकीजवळ बसा. मोबाइलशेजारी एक कोरा पांढरा कागद धरा आणि पडद्याचा उजेड इतका कमी करा की पडद्यावरचा पांढरा रंग कागदाएवढाच पांढरा दिसेल. आता फोटो पाहा. तो काळपट वाटेल. कागदावर तो तसाच येणार होता! आता फोटोतला उजेड हळूहळू वाढवा. विशेषतः सावलीचा भाग उजळण्याची जी सोय असते, शॅडोज म्हणतात ती, तिचा उपयोग करा. सगळाच फोटो उजळला तर पांढरे धोतर आणि आकाश कोरे पडते, तेव्हा बेताने.

आमच्या शिक्षक मित्रांना यात एक छान प्रयोग करता येईल. चार बाय सहाच्या एकाच कागदावर तोच फोटो लहान आकारात चार वेळा छापा: एक आहे तसा, बाकीचे प्रत्येकी थोडे थोडे जास्त उजळून. दहा मिनिटे वाळू द्या आणि मुलांना दिवसाच्या उजेडात विचारा, कोणता चांगला? जो ठरेल त्याचे माप वहीत लिहून ठेवा. त्या प्रिंटरला आणि त्या कागदाला ते माप बहुतेक फोटोंसाठी उपयोगी पडते.

कागदाचे काय? मातीच्या भिंतीला थेट रंग दिला तर भिंत तो पिऊन टाकते. आधी चुना दिला असेल तर रंग वर राहतो आणि खुलतो. साधा झेरॉक्सचा कागद त्या मातीच्या भिंतीसारखा, टीपकागदाचा चुलतभाऊच. शाई त्यात मुरते, पसरते आणि रंग मरतो. फोटोच्या कागदावर शाई वर धरून ठेवणारा लेप असतो. हा लेप बहुधा एकाच बाजूला असतो. कोपऱ्याला किंचित ओले बोट लावा. जी बाजू चिकट लागेल ती छपाईची. आणि मग प्रिंटरला तसे सांगावेही लागते. छापण्यापूर्वी जी यादी पुढे येते तिच्यात ‘पेपर टाइप’ असते. तिथे ‘प्लेन’ तसेच राहिले तर यंत्र साध्या कागदाच्या हिशेबाने शाई सोडते, आणि महागाचा कागद फुकट जातो. मोबाइलवरून छापताना ही चूक फार होते. एक धोक्याची सूचनाही देऊन ठेवतो. शाईच्या प्रिंटरचा चकचकीत कागद लेझर प्रिंटरमध्ये कधीही घालू नये. लेझर यंत्र उष्णतेने छापते. कागदावरचा लेप वितळून आत चिकटला की दुरुस्तीचे काम निघाले.

कागदाचे माप आणि फोटोचे माप यांचेही जमवावे लागते. मोबाइलचा फोटो बहुधा चारास तीन या प्रमाणात असतो. आडवा फोटो सहा इंच रुंद छापला, तर तो साडेचार इंच उंच व्हायला हवा, आणि कागद तर चारच इंच! अर्धा इंच कुठून तरी कापला जातो, आणि शाळेच्या फोटोत मागच्या रांगेतल्या मुलांची डोकी जातात. फोटो काढतानाच वर-खाली थोडी जागा सोडावी. अर्जासाठी लागणारे साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे फोटो याच चार बाय सहाच्या कागदावर आठ बसतात.

शाईच्या प्रिंटरची एक खोड आहे: त्याला नुसते पडून राहणे सोसत नाही. शाईची छिद्रे केसाहून बारीक; शाई वाळली की ती बुजतात आणि फोटोवर आडव्या पट्ट्या उठतात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी एखादे रंगीत पान छापावे. आणि बंद करताना भिंतीवरचे बटण दाबू नये, प्रिंटरचेच बटण दाबावे. मग यंत्र शाईचे तोंड जागेवर नेऊन त्याला झाकण लावते. वीज अचानक जाते तिथे आपला इलाज नाही, पण वीज आल्यावर यंत्र चालू करून पुन्हा नीट बंद करण्याएवढे काम आपण करू शकतो. पट्ट्या उठल्याच तर यंत्रातली सफाईची सोय एक-दोनदा वापरा. सारखी सफाई केली तर शाई त्यातच संपते.

छापलेला फोटो लगेच काचेत घालू नका. एक दिवस सावलीत वाळू द्या. कोकणात किंवा घाटावर पावसाळ्यात आणखी एखादा दिवस. काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट ठेवून फट राखा, नाहीतर ओलाव्याने फोटो काचेला कायमचा चिकटतो. पुष्कळशा घरगुती प्रिंटरमध्ये रंगीत शाई पाण्यात विरघळलेली असते. ती दिसते सुंदर, पण उन्हाने विटते आणि पाण्याच्या थेंबाने फुटते. तेव्हा खिडकीसमोर, निरांजनाच्या धगीत फोटो टांगू नये. हार-कुंकू करायचे ते काचेवरून. रंगकणांची, पिगमेंट म्हणतात ती शाई जास्त टिकते. आणि भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या राहावा असा एकच फोटो करायचा असेल, तर मी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी कलर लॅबमध्ये जाऊन रासायनिक कागदावर करून घ्या असेच म्हणेन. घरचा प्रिंटर अल्बमसाठी, शाळेच्या फलकासाठी, नातेवाइकांना पाठवण्यासाठी.

आणि हो, फोटोत कोण आहे ते लिहायला विसरू नका. फोटोच्या कागदाची पाठ गुळगुळीत असली तर पेन्सिल उमटत नाही, आणि बॉलपेन दाबून लिहिले तर पुढून वळ दिसतो. त्यापेक्षा छापतानाच खाली बोटभर पांढरी पट्टी सोडा आणि तिच्यात नाव, गाव आणि साल छापून टाका.