ड्राइव्हवरची हिशेबाची फाईल उघडत नाही? घाबरू नका, आधी हे करा

आपल्याकडे जमातीचा हिशेब आता वहीतून एक्सेलमध्ये आला आहे. कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावसारख्या गावात मशिदीची महिन्याची वर्गणी, मदरशाची फी, रमजानमधील जकात-फित्र्याची यादी, बायकांची भिशी, शेजारच्या गांधीनगर बाजारपेठेतल्या दुकानाची उधारी, असे बरेच काही कुणाच्या तरी मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर असते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनी कागद किती लवकर जातो हे आपल्या भागाला दाखवून दिले. म्हणून हिशेब गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर ठेवणे शहाणपणाचेच आहे. पण तिथली फाईलही कधी कधी बिघडते. ‘फाईल करप्ट आहे’ असा मेसेज आला की हातपाय गळतात, आणि घाईत केलेल्या गोष्टींनी नुकसान वाढते.

हा पैसा अमानत आहे. नोंदणीकृत वक्फच्या मुतवल्लीला तर वक्फ कायदा १९९५ च्या कलम ४६ प्रमाणे दरवर्षी बोर्डाला हिशेब द्यावा लागतो. म्हणून ही माहिती खजिनदारालाच नव्हे, घरातल्या संगणक जाणणाऱ्या मुला-मुलींनाही असावी असे आम्हाला वाटते.

फाईल का बिघडते? एक्सएलएसएक्स फाईल ही आतून अनेक लहान फाईलींची बांधलेली गठडी असते. अपलोड चालू असताना लाईट गेली, नेट तुटले, लॅपटॉप मध्येच बंद केला किंवा पेन ड्राइव्ह ओढून काढला, तर गठडी अर्धवट बांधली जाते. ड्राइव्ह ही बिघडलेली प्रतही इमानदारीने जपून ठेवतो. पण आनंदाची गोष्ट अशी की त्याआधीची चांगली प्रतही तो काही दिवस ठेवतो.

सर्वात आधी: बिघडलेली फाईल डिलीट करू नका आणि त्याच नावाने नवी फाईल वर चढवू नका. तिची एक कॉपी करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. पुढचे सगळे प्रयोग कॉपीवरच.

मग फाईलचा आकार बघा. शून्य केबी दाखवत असेल तर आत काहीच नाही. ती दुरुस्त होणार नाही, जुनी प्रतच शोधावी लागेल. आकार ठीक असेल तर ब्राउझरमधून फाईल पुन्हा डाउनलोड करून दुसऱ्या संगणकावर उघडा. पुष्कळदा डाउनलोडच अर्धे झालेले असते. पेन ड्राइव्हवर घेतलेली ‘जीशीट’ प्रकारची फाईल उघडत नसेल, तर ती मुळात फक्त लिंक आहे. खरा हिशेब गुगलच्या खात्यातच असतो.

तिसरी पायरी, जुनी प्रत. गुगल ड्राइव्ह संगणकावर उघडा, फाईलवर राइट क्लिक करून ‘मॅनेज व्हर्जन्स’ शोधा. एक्सेल फाईलच्या जुन्या प्रती तिथे ३० दिवस किंवा १०० प्रती होईपर्यंत राहतात. म्हणजे उशीर करून चालत नाही. चांगली प्रत सापडली की ती लगेच डाउनलोड करा आणि ‘कीप फॉरेव्हर’ करून टाका. हिशेब थेट गुगल शीटमध्ये असेल तर फाईल मेनूत ‘व्हर्जन हिस्टरी’ असते, पण ती पाहायला एडिट करण्याची परवानगी लागते. वनड्राइव्हवरही राइट क्लिक करून ‘व्हर्जन हिस्टरी’ मिळते. साध्या वैयक्तिक खात्यात शेवटच्या २५ प्रती असतात. चुकून डिलीट झालेली फाईल दोन्हीकडे ३० दिवस कचरापेटीत राहते.

प्रत मिळाली नाही तर दुरुस्ती. एक्सेल उघडून ‘ओपन’मधून फाईल निवडा, ओपन बटणाशेजारच्या बाणावर क्लिक करून ‘ओपन अँड रिपेअर’ घ्या. आधी ‘रिपेअर’, नाही जमले तर ‘एक्स्ट्रॅक्ट डेटा’. दुसऱ्या मार्गात फॉर्म्युले जाऊ शकतात, पण आकडे हाती येतात. एक्सेलने हात टेकले तर फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये उघडून बघा. काही फाईली तिथे उघडतात. तरीही नाही, तर कॉपीच्या नावातले एक्सएलएसएक्स बदलून झिप करा. गठडी सुटली तर आतल्या ‘वर्कशीट्स’ फोल्डरमध्ये आकडे आणि ‘शेअर्डस्ट्रिंग्ज’ नावाच्या फाईलमध्ये नावे सापडतात. काम किचकट आहे, पण वर्षभराच्या पावत्या पुन्हा लिहिण्यापेक्षा सोपे. आणि हो, शेवटी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि ईमेलही चाळा. सीएला किंवा ट्रस्टींना पाठवलेली प्रत तिथे पडलेली असते.

एक गोष्ट आम्ही हात जोडून सांगतो. ‘ऑनलाईन रिपेअर’ करून देणाऱ्या अनोळखी साईटवर ही फाईल चढवू नका. जकातीच्या यादीत विधवा बहिणींची, गरजू घरांची नावे, फोन आणि बँक खाते नंबर असतात. त्यांची इज्जत झाकणे हाही अमानतीचा भाग आहे.

फाईल परत मिळाली म्हणजे काम संपले असे नाही. जुन्या प्रतीत शेवटच्या काही दिवसांच्या नोंदी नसतात. पावती पुस्तक आणि बँक पासबुक समोर ठेवून एकूण जमा-खर्च जुळवा, आणि जो फरक निघेल तो पुढच्या मीटिंगमध्ये उघड सांगा. लपवलेल्या फरकातून संशय वाढतो.

पुढे काय? महिन्याच्या शेवटच्या जुम्यानंतर फाईलची एक प्रत तारीख घालून वेगळी सेव्ह करा, एक पीडीएफ काढून दोन ट्रस्टींकडे द्या, ड्राइव्हचा पासवर्ड एकाच माणसाकडे ठेवू नका. आणि छापील पावती पुस्तक बंद करू नका.