मुंबईला खरेदीस जाता, तर शहरही पाहून या

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडील आपले कापडवाले बांधव मुंबईस जातात, माल बांधतात व त्याच रात्री परततात. आम्हीही अनेक वर्षे हेच केले. परंतु अर्धा दिवस जास्त काढल्यास धंद्याचा एक मोठा धडा फुकट मिळतो.

सुरुवात बोरीबंदरापासून करावी. १८८८ साली पूर्ण झालेल्या या स्टेशनाला २००४ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. तेथून पायी थोड्याच अंतरावर १८६९ चे क्रॉफर्ड मार्केट, म्हणजेच महात्मा फुले मंडई. जवळच शेख मेमन स्ट्रीटवर १८०२ ची जामा मशीद असून आत पाण्याचा जुना हौद आहे. पुढे मंगलदास व मुळजी जेठा ही कापडाची मार्केटे. रविवारी ती बंद असतात, म्हणून खरेदी शनिवारी आटोपून रविवार फिरण्यास ठेवावा.

फोर्टमधील राजाबाई टॉवर मात्र चुकवू नये. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्याकडील कापसाचे भाव गगनाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी युनिव्हर्सिटीला मोठी देणगी दिली. त्यातून हा टॉवर १८७८ साली पूर्ण झाला. त्याला त्यांच्या आईचे नाव आहे. दरम्यान १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, शेअरांचा सट्टा बुडाला आणि खुद्द प्रेमचंदशेठचेही दिवाळे निघाले.

आम्हीही एका वर्षी भाव चढतील या आशेने उधारीवर दुप्पट माल भरला होता. पाऊस गेला, गिऱ्हाईक फिरकले नाही, आणि ती उधारी फेडण्यात दोन वर्षे गेली. त्या टॉवरखाली उभे राहिल्यावर आमची चूक आम्हाला नीट समजली.

तेथून १९२४ साली खुले झालेले गेटवे ऑफ इंडिया जवळच आहे. घारापुरीच्या लेण्यांची लाँच तेथूनच सुटते. लेणी सोमवारी बंद असतात. हाजी अलीला जाताना भरतीची वेळ विचारून घ्यावी, कारण भरतीत रस्ता पाण्याखाली जातो.

पुढच्या खेपेस मुलालाही सोबत न्यावे. दुकान उद्या त्यालाच सांभाळायचे आहे.