मोटारीचीं चाकें आणि घरची चिंच

खंडेनवमीस घरांतील विळीपासून लेखणीपर्यंत सर्व साधनें घासूनपुसून मांडण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. भिवंडीच्या ब्राह्मण आळींत आमच्या वडील बंधूंचें, म्हणजे अण्णांचें, बिऱ्हाड आहे. एका नवमीस तेथें अडकित्ता, कातर व शिवणयंत्र यांच्या पंक्तीस दारांतली मोटारही बसली. पूजेचीं तांब्यापितळेचीं उपकरणीं उजळून झालीं होतीं. चिंच आणि बंबांतली राख उरली होती. धाकट्या चिरंजीवांनीं ती मोठ्या उत्साहानें मोटारीच्या चारही चाकांस चोळली. चमक येईना, तेव्हां न्हाणीघरांतलें फरशी धुण्याचें ॲसिड आणून ओतलें. घटकाभरानें चाकें धुऊन पाहिलीं, तों त्यांवर देवीच्या व्रणांसारखे खळगे आणि पांढुरके ओघळ! वहिनी बाहेर येऊन एवढेंच म्हणाल्या, "अरे, जर्मनच्या पातेल्यांत मी कधीं कढी ठेवतें का?"

वहिनींच्या या एका प्रश्नांत सारें रसायनशास्त्र आलें. बाजारांत ज्यांस 'ॲलॉय व्हील' म्हणतात, तीं चाकें म्हणजे ॲल्युमिनियममध्यें थोडें सिलिकॉन व किंचित् मॅग्नेशियम मिसळून केलेलें ओतकाम होय. स्वयंपाकघरांतील जर्मनच्या पातेल्याचीं तीं सख्खीं नसलीं तरी चुलत भावंडें खास. हा धातु एके काळीं इतका दुर्मिळ होता कीं, 1855 च्या पॅरिस प्रदर्शनांत तो नवलाची वस्तु म्हणून मांडला गेला. 1886 मध्यें अमेरिकेंत हॉल आणि फ्रान्समध्यें एरू या दोघां तरुणांनीं स्वतंत्रपणें विजेच्या साह्यानें तो काढण्याची रीत शोधली, आणि हा हा म्हणतां तो गोरगरिबांच्या चुलीवर चढला. 1924 सालीं बुगाटीच्या शर्यतीच्या गाडीस याच धातूचीं चाकें बसविलेलीं होतीं. पोलादाच्या मानानें त्याची घनता जेमतेम एक-तृतीयांश आणि उष्णता वाहून नेण्याची शक्ति मात्र अधिक.

आतां चिंच कोठें चुकली तें पाहूं. तांब्यावरचा काळपटपणा हा मळ होय. आम्लानें तो सुटला कीं खालचें तांबें हंसूं लागतें. ॲल्युमिनियमची गोष्ट उलटी. हवा लागतांच त्यावर ऑक्साइडचा एक पापुद्रा धरतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या अवघ्या कांहीं दशलक्षांश भागांएवढी, परंतु तोच त्या धातूचें चिलखत. तो आम्लांतही विरघळतो आणि अल्कलींतही. चिंच, लिंबू, फरशीचें ॲसिड हीं एका बाजूनें, तर राख, धुण्याचा सोडा, कॉस्टिक हीं दुसऱ्या बाजूनें त्याचे वैरी. सोड्यानें जर्मनचें पातेलें काळें पडतें तें याचमुळें. आमच्या चिरंजीवांनीं तर दोन्ही सैन्यें एकाच सकाळीं आणून उभीं केलीं!

चाकास हात लावण्यापूर्वीं त्यावर रोगण आहे कीं धातु उघडा आहे हें ओळखलें पाहिजे. परीक्षा सोपी आहे. धातूस लावण्याचें पॉलिश पांढऱ्या फडक्यावर घेऊन आडबाजूस हलकेंच चोळावें. फडकें काळें झालें तर धातु उघडा. पांढरेंच राहिलें तर वर पारदर्शक रोगण आहे. कारखान्यांतून येणारीं बहुतेक चाकें दुसऱ्या जातीचीं असतात. त्यांस धातूचें पॉलिश लावणें म्हणजे चष्म्याची कांच राखेनें घासणें.

भिवंडींतील मोटारींच्या नशिबीं याहून निराळाही त्रास आहे. मुंबई-नाशिक रस्त्यावर गोदामांकडे जाणाऱ्या मालमोटारींची रीघ असते; घडोघडीं ब्रेक दाबावा लागतो, आणि ब्रेकमधून झिजलेल्या लोखंडाची तप्त पूड चाकावर चिकटून बसते. पहिल्या दमट दिवशीं ती गंजते आणि नारिंगी ठिपके उमटतात. खाडी जवळ, पावसाळा चार महिन्यांचा. रोगणास कोठें टवका उडाला असला कीं ओलावा व क्षार आंत शिरून रोगणाखालीं बारीक अळीच्या वाटेसारख्या रेषा पसरत जातात. ही कीड एकदां लागली कीं वरून घासून जात नाहीं. रोगण काढून नवें चढवावें लागतें, आणि तें जाणत्या कारागिराचेंच काम.

म्हणून खरी राखण धुण्यांतच आहे. चाक थंड असतां सावलींत धुवावें. प्रथम नुसत्या पाण्यानें धूळ वाहूं द्यावी, मग सौम्य साबणाचें पाणी व मऊ कुंचला. चाकांची बादली व फडकीं निराळीं ठेवावींत. चाकाची रेती मोटारीच्या अंगास लागली तर ओरखडे उठतात. सोंवळें-ओंवळें कोठें पाळावें याविषयीं मतभेद असतील. येथें तें जरूर पाळावें. मग कोरडें पुसून दोनतीन महिन्यांनीं मेणाचा पातळ हात द्यावा. उघड्या धातूचें चाक असेल तरच पाणकागद घ्यावा. तोही आधीं जाड, मग क्रमानें बारीक, आणि शेवटीं पॉलिश व मेण. दसऱ्यास चाकाखालीं लिंबू चिरडतात, नारळाचें पाणी शिंपडतात, कुंकू लावतात. तें अवश्य करावें. मात्र संध्याकाळच्या आंत चाक धुऊन टाकावें.

अण्णांच्या मोटारीचीं चाकें पुढें रोगणासाठीं कारागिराकडे गेलीं. आम्हीही सोबत होतों. त्यानें प्रथम चारही चाकें काढून आंतून धुतलीं, आणि मागच्या डाव्या चाकाच्या आंतल्या कांठावर केसाएवढी भेग दाखविली. या चाकांतील हवा दर आठवड्यास उतरत असे. आम्ही सर्वजण व्हॉल्व्हला दोष देत होतों. भिवंडी-वाडा रस्त्याचे पावसाळ्यांतले खड्डे ज्यानें पाहिले आहेत त्यास ही भेग कशी पडली तें सांगावयास नको. चाकाची बाहेरची बाजू आम्ही वर्षभर पुशीत आलों होतों. आंतली कोणीं कधीं पाहिलीच नव्हती. आणि चारच दिवसांनीं मुलाबाळांसह कसाऱ्याचा घाट चढून नाशिकास जावयाचें ठरलें होतें.

भेगेवर डाख देऊन वर रोगण चढविलें तर कोणास कळणारही नाहीं, असें तेथल्याच एका गृहस्थानें सुचविलें. अण्णांनीं त्याच्याकडे पाहिलेंही नाहीं. डाख देतांना आंच लागली कीं ओतीव धातूचा मूळचा कस उतरतो. भेग दिसेनाशी होते, जात नाहीं. नवें चाक येईपर्यंत नाशिकचा बेत आठ दिवस लांबला. पोरें हिरमुसलीं, वहिनींनीं त्यांस श्रीखंडावर समजाविलें.

तें भेगाळलेलें चाक आतां परसांत पडलें आहे. त्यावर वहिनींनीं कढीलिंबाची कुंडी ठेविली आहे, आणि चिरंजीव नेमानें तिला पाणी घालतात.