विश्लेषण : हडप्पाचा काळ ३०० वर्षांनी मागे कसा गेला? कार्बन डेटिंगच्या मर्यादा काय?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रयोगशाळेच्या मोजणीवरून डी. पी. अग्रवाल यांनी १९६४ मध्ये हडप्पा संस्कृतीचा काळ इ.स.पू. २३०० ते १७५० असा मांडला. आज तिच्या नागरी टप्प्याचा काळ साधारण इ.स.पू. २६०० ते १९०० मानला जातो. म्हणजे मोजणी चुकली होती का? नाही. ‘कार्बन वर्षे’ आणि कॅलेंडरची वर्षे एकच नसतात, हे पुढे स्पष्ट झाले.

वय कसे मोजतात?

सजीव जिवंत असेपर्यंत हवेतून किंवा अन्नातून कार्बन-१४ घेत राहतो. मृत्यूनंतर ही भर थांबते आणि दर ५,७३० वर्षांनी उरलेला साठा निम्मा होतो. किती उरला त्यावरून वय काढतात.

मग फरक का पडतो?

हवेतील कार्बन-१४ कायम सारखाच होता, असे सुरुवातीला गृहीत धरले होते. प्रत्यक्षात सूर्याची सक्रियता आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांनुसार तो बदलतो. झाडाच्या खोडातील प्रत्येक वर्तुळाचे वर्ष मोजून सांगता येते. त्यातला कार्बन तपासून दुरुस्तीचा आलेख तयार झाला. यालाच ‘कॅलिब्रेशन’ म्हणतात.

लोअर परळच्या चिमण्यांचा संबंध काय?

गिरण्यांच्या बॉयलरमध्ये जळणारा दगडी कोळसा कोट्यवधी वर्षे जुना. त्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो. जगभरच्या अशा धुराने हवेतील त्याचे प्रमाण घटले. त्यात सूर्याचे चढउतार आहेतच. त्यामुळे साधारण १६५० ते १९५० या काळातील नमुन्याला अनेक तारखा जुळतात. जुन्या इमारतीची तुळई पेशवाईतली की ब्रिटिश काळातली, हे एकट्या या चाचणीवर ठरवणे अवघड.

कुठे उपयोग होत नाही?

दगडाचे वय यातून कळत नाही. परळला १९३१ मध्ये सापडलेल्या भव्य शिवमूर्तीचा काळ, साधारण सहावे शतक, शिल्पशैलीवरून ठरवला गेला. सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे तर मोजण्याइतका कार्बन-१४ उरतच नाही. म्हणून पुणे जिल्ह्यातील बोरी येथील अश्मयुगीन हत्यारांसाठी तिथल्या ज्वालामुखीच्या राखेकडे वळावे लागले.

नमुनाही महत्त्वाचा. घराचा वासा शेकडो वर्षे वाढलेल्या झाडाचा असू शकतो, आणि चाचणी सांगते ते लाकडाचे वय, घराचे नव्हे. इनामगावसारख्या उत्खननात मिळणारे जळके धान्य एकाच हंगामाचे असते, म्हणून ते अधिक भरवशाचे.

बातमी वाचताना काय पाहावे?

‘कार्बन डेटिंगने सिद्ध झाले’ असा मेसेज पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा : नमुना कशाचा होता? तारीख कॅलिब्रेट केलेली आहे का? आणि किती वर्षांपासून किती वर्षांपर्यंतचा पल्ला दिला आहे? नेमके एकच वर्ष सांगितले असेल, तर जरा थांबा.