शाबासकीचे इंग्रजी शब्द : अर्थभेद व उपयोग

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इ. स. २००० पासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. त्यामुळे ‘गुड’, ‘वेल डन’, ‘एक्सलंट’ हे शब्द खेड्यांतील मुलांच्याही नित्य कानी पडतात. महागाव तालुक्यात फुलसावंगीसारख्या गावी शाळेबाहेर इंग्रजी क्वचितच ऐकू येते. तेथे मूल या शब्दांचा अर्थ कोशावरून नव्हे, तर शिक्षक ते केव्हा उच्चारतात यावरून शिकते. म्हणून त्यांतील भेद शिक्षकांस स्पष्ट असणे अगत्याचे आहे.

‘गुड’ हे विशेषण होय. ‘गुड हँडरायटिंग’ म्हणजे चांगले अक्षर. ‘वेल’ हे क्रियाविशेषण असून काम कसे झाले ते सांगते. म्हणून ‘यू रीड वेल’ हे शुद्ध, ‘यू रीड गुड’ हे अशुद्ध. ‘वेल डन’ पूर्ण झालेल्या कामासच शोभते. अर्धवट सोडविलेल्या उदाहरणास नव्हे. ‘एक्सलंट’ ज्या लॅटिन क्रियापदापासून आला त्याचा अर्थ ‘इतरांहून वर जाणे’ असा आहे. तो वर्गातील प्रत्येक वहीवर लिहिला, तर वर गेले कोण? ‘नाइस’ हा शब्द आवड दर्शवितो. तो चित्रास वा गाण्यास योग्य. ‘करेक्ट’ ही तर स्तुतीच नव्हे, तो निर्णय आहे.

हा भेद न पाळल्यास हानी होते. एखादी मुलगी ‘शी गो टू स्कूल’ म्हणाली आणि तिच्या धिटाईबद्दल शिक्षकांनी ‘गुड’ म्हटले, तर ती ते वाक्यच बरोबर समजते व चूक पक्की होते. अशा वेळी ‘गुड ट्राय’ म्हणावे, म्हणजे प्रयत्नाचे कौतुक होते. आणि लगेच ‘शी गोज’ हे शुद्ध रूप म्हणवून घ्यावे.

‘क्लेव्हर’ हा शब्दही जपून वापरावा. म्युलर व ड्वेक या अमेरिकन संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, हुशारीबद्दल प्रशंसा झालेली मुले पुढे अपयश येताच लवकर खचली. मेहनतीबद्दल प्रशंसा झालेली मुले अधिक चिकाटीने टिकली.

वहीवर इंग्रजी शब्द लिहिताना त्याखाली मराठीत एका ओळीत कारण लिहावे : ‘गुड – सर्व अक्षरे रेघेवर आली.’ आपला ‘शाबास’ हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ ‘आनंदी राहा’ असा आहे. आपण काय चांगले केले हे ज्या मुलास कळते, त्याचाच तो आनंद टिकतो.